पडलेल्या वैऱ्याचा मान

वाचनभाग: २ शमुवेल १



शौल राजा गिलबोवाच्या डोंगरावर पडला, ही बातमी ऐकून दावीद हर्षला नाहीं. ज्या शौलानें त्याजवर भाला फेकला व रानोमाळ त्याचा पाठलाग केला, त्याच्यासाठीं त्यानें वस्त्रें फाडिलीं, उपास केला आणि विलापगीत रचिलें. याबेश-गिलादाच्या लोकांनीं शौलास पुरलें, म्हणून त्यांसहि त्यानें आशीर्वाद पाठविला. तथापि शौलाचे अपराध शास्त्रानें झांकून ठेविले नाहींत. मान आणि सत्य हीं दोन्हीं त्या एकाच ग्रंथांत आहेत.

हीं दोन्हीं एकत्र राखणें किती कठीण आहे, हें अमेरिकेच्या इतिहासांत दिसून येतें. १८६१ पासून १८६५ पर्यंत त्या देशाच्या उत्तर व दक्षिण भागांत दास्याच्या प्रश्नावरून घोर यादवी युद्ध झालें. सहा लाखांहून अधिक मनुष्यें मेलीं. शेवटीं ९ एप्रिल १८६५ रोजीं व्हर्जिनिया प्रांतांत दक्षिणेचा सेनापति ली हा उत्तरेचा सेनापति ग्रँट ह्यास शरण आला. ग्रँटनें त्याची तलवार घेतली नाहीं. हरलेल्या शिपायांस त्यानें घरीं जाऊं दिलें, नांगरणीसाठीं त्यांचे घोडे व खेंचरें त्यांजपाशीं राहूं दिलीं, भुकेल्यांस शिधा दिला, आणि आपल्या फौजेच्या विजयाच्या तोफा बंद करविल्या. पुढें १८८५ सालीं ग्रँट वारला, तेव्हां दक्षिणेचे सेनापति जॉन्स्टन व बकनर हेहि त्याच्या अंत्ययात्रेंत मानकरी झाले.

हें पाहून मन भरून येतें. परंतु ज्या सुमारें चाळीस लाख दासांच्या मानेवर तें जोखड होतें, त्यांचें काय झालें? १८६५ सालीं कायद्यानें दास्य संपलें खरें. पण गोऱ्यांनीं एकमेकांस आलिंगन दिलें, तेव्हां काळ्या बंधूंचा हात त्यांनीं सोडून दिला. दक्षिणेंत त्यांचा मताचा हक्क हिरावून घेण्यांत आला. १८९० सालीं रिचमंड शहरांत लीचा भव्य पुतळा उभारला गेला. तो २०२१ सालीं काढण्यांत आला. कित्येकांस हा मृताचा अपमान वाटला. परंतु कबर निराळी आणि चौकांतला चौथरा निराळा. वैऱ्याच्या कबरेवर फूल ठेवणें ही दया आहे. त्यास चौथऱ्यावर चढविणें म्हणजे आपल्या लेंकरांस, ह्याच्यासारखे व्हा, असें सांगणें होय.

वाचकहो, हा विषय दूरचा समजूं नका. आपल्या गांवीं दोन घराण्यांचा जुना तंटा मिटतो, पानसुपारी होते. पण त्या तंट्यांत ज्या गरिबाचें शेत बुडालें, त्यास पंचांपुढें कोणी बोलावितो काय? आपल्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज वेशीबाहेर राहिले. ज्यांनीं त्यांस बाहेर ठेविलें, त्यांच्या मेलेल्या वाडवडिलांस आपण शिव्या देऊं नये; त्यांच्यांत जें चांगलें होतें तें मोकळ्या मनानें सांगावें. परंतु जो अन्याय झाला, त्यास अन्यायच म्हणावें. क्षमा करणाऱ्यास खोटें बोलावें लागत नाहीं.

ख्रिस्तानें वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांसाठीं क्षमा मागितली. पण त्याच्या पुनरुत्थित हातांवर खिळ्यांचे वण तसेच राहिले. प्रभु आपणांस अशी दया आणि असें सत्य, दोन्हीं देवो. आमेन.