संबळाच्या आवाजात विसावा

तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा झोपते. नवरात्राआधीची घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीपर्यंतची श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधीची मोहनिद्रा. मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवली जाते. महिषासुराशी लढून दमलेल्या देवीलाही विसावा लागतो, हे ज्यांना सुचलं त्यांना माणसाच्या थकव्याची फार चांगली ओळख असणार. पण देवी निजलेली असते तेव्हा तिचं गाव जागं असतं. कोजागरीला सोलापुराहून, कर्नाटकातून चालत आलेल्या माणसांनी रस्ते भरून जातात आणि संबळ वाजत राहतो.

संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन तोंडं. एक घुमतं, दुसरं कडक बोलतं. वाजवणाऱ्याच्या एका काठीचं टोक वळलेलं असतं. सोबत झांज आणि तुणतुणं. लय चढत जाते, 'उदो उदो'चा गजर होतो आणि कवड्यांची माळ घातलेल्या, कपाळभर मळवट भरलेल्या एखाद्या आराधी बाईच्या अंगात वारं येतं. ती घुमू लागते, केस सुटतात, श्वास फुलतो. तिच्या शेजारी तशीच माळ, तसाच मळवट, हातात तशीच परडी घेतलेली दुसरी बाई उभी असते. तिच्या कानावर तोच संबळ पडतोय. पण ती शांतपणे पहिलीचा पदर सावरते आणि गर्दीला मागे सरायला सांगते. थोड्या वेळाने पहिली खाली बसते, पाणी पिते. कुणी विचारलं तर म्हणते, अंग हलकं झालं.

संगीताने मन शांत होतं का, या प्रश्नाचं सोपं उत्तर या दोघींजवळ उभं राहून देता येत नाही. संथ सूर, मंद बासरी आणि मिटलेले डोळे हे शांततेचं चित्र इथे लागू पडत नाही. इथे हलकेपणा घामातून आणि दमछाकीतून आला. तोही दोघींपैकी एकीलाच.

ढोलाच्या ठोक्याने माणसाचं भान हरपतं याचं कारण मेंदूच्या विद्युतलहरींत आहे, असं अँड्र्यू नेहर या अमेरिकी संशोधकाने १९६२ साली मांडलं होतं. ठरावीक वेगाचे ठोके पडत राहिले की मेंदू त्या वेगाला धरतो, असा त्याचा तर्क. फ्रेंच संगीत-अभ्यासक जिल्बेर रुजे यांनी १९८०च्या आपल्या ग्रंथात तो खोडून काढला. तसं असतं तर ढोल ऐकणारी सगळीच माणसं घुमायला लागली असती, हा त्यांचा साधा मुद्दा. जगभरच्या विधींची उदाहरणं तपासून त्यांनी दाखवलं की कुठल्याही एका तालात अशी सक्ती नसते. कोण ऐकतंय, त्याने काय शिकलंय, भोवतालच्यांची काय अपेक्षा आहे, यावर सगळं ठरतं. तुळजापूरच्या पायऱ्यांवर दर पौर्णिमेला त्यांचं म्हणणं पडताळून पाहता येईल.

तरी शरीराचा वाटा नाकारून चालणार नाही. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठाच्या लुचियानो बर्नार्दी यांनी २००६ साली बारा संगीतकार आणि संगीत न शिकलेले बारा जण अशा चोवीस लोकांना सहा प्रकारचं संगीत ऐकवलं. त्यात विवाल्डी होता, बीथोव्हेन होता, रॅप होतं, टेक्नो होतं आणि सतारीवरचा एक रागही होता. जलद लयीने श्वास, नाडी आणि रक्तदाब वाढला, संथ लयीने तो वेग उतरला. लयीला धरून श्वास बदलण्याचं प्रमाण संगीतकारांमध्ये जास्त दिसलं. सर्वांत मोलाची गोष्ट मात्र संगीताच्या मध्ये सापडली. तुकड्यांच्या मध्ये कुठेतरी दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत माणसं प्रयोग सुरू होण्याआधीपेक्षाही जास्त निवांत झाली. गावच्या भजनात शेवटचा जयघोष होतो, टाळ खाली ठेवले जातात आणि कुणी लगेच उठत नाही. त्या वेळचं वातावरण ज्यांनी अनुभवलंय त्यांना या निष्कर्षाचं नवल वाटणार नाही.

याच बर्नार्दींनी २००१ साली लॅटिन जपमाळ आणि बौद्ध मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला होता. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला. हृदयाच्या दृष्टीने ही गती फायद्याची मानली जाते. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण एका श्वासात मावणारी ओळ सारखी. हरिपाठात एक जण म्हणतो, बाकीचे उचलतात, आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी दम घ्यावा लागतो. स्वीडनमध्ये २०१३ साली समूहगान करणाऱ्या तरुण मुलांची नाडी तपासली, तेव्हा एकत्र श्वास घेतल्यामुळे त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचे चढउतारही एकमेकांशी जुळलेले दिसले. अखंड हरिनाम सप्ताहाच्या मांडवात कुणी अशी यंत्रं लावली नसतील, पण तिथे बसणारा माणूस गाणं नुसतं ऐकत नाही, गातो. विसाव्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे आणि संगीतोपचाराच्या चर्चेत तो वारंवार विसरला जातो.

गाण्याकडून नुसत्या ऐकण्याकडे यायचं तर नळदुर्गच्या किल्ल्याकडे वळू. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० ते १६२७ या काळात गादीवर होता आणि संगीताने वेडा झालेला होता. 'किताब-ए-नवरस' हा दख्खनीतल्या गाण्यांचा ग्रंथ त्याने लिहिला. गाणी रागांच्या नावांखाली लावली, त्यांत सरस्वतीला वंदन केलं. आपल्या तंबोऱ्याला त्याने 'मोतीखान' असं नाव दिलं होतं. त्याच्याच कारकिर्दीत, १६१३च्या सुमारास, बोरी नदीवरच्या नळदुर्गच्या बंधाऱ्यात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांतून पाणी कोसळतं, आणि भिंतीच्या पोटातल्या महालात माणूस कोरडा बसून ते खिडकीतून पाहतो. आवाज इतका मोठा की शेजाऱ्याशीही ओरडून बोलावं लागतं. तरी लोक तिथे तासन्‌तास बसतात. एकसारखं कोसळणारं पाणी बाकी सगळे आवाज झाकून टाकतं आणि कानाला कसलाच अंदाज बांधावा लागत नाही.

झुरिक विद्यापीठात मिर्याम थोमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग नळदुर्गला जाऊन वाचावा असा आहे. साठ तरुणींना परीक्षकांपुढे भाषण आणि तोंडी गणितं करायची होती. त्याआधी काहींना आल्लेग्री या इटालियन रचनाकाराचं संथ, प्रार्थनेचं गायन ऐकवलं, काहींना खळाळत्या पाण्याचा आवाज, तर काहींना काहीच ऐकवलं नाही. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी सर्वांत कमी राहिली ती पाणी ऐकणाऱ्यांची. संगीत ऐकणाऱ्यांची सर्वांत जास्त वाढली! पण ताण ओसरल्यावर मज्जासंस्था लवकर पूर्ववत झाली ती संगीत ऐकणाऱ्यांचीच. म्हणजे त्याच माणसांत संगीताने एक गोष्ट चढवली आणि दुसरी उतरवली. 'अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग निद्रानाशावर' असे तक्ते मोबाइलवर फिरवणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात घ्यावा. राग म्हणजे औषधाची गोळी नव्हे, की कुणीही घेतली तरी पोटात जाऊन तेच काम करील. असले तक्ते संगीताचा मान वाढवत नाहीत. रागाला ऐकणारा लागतो, हे सत्यच ते पुसून टाकतात.

आणि ऐकणाऱ्याच्या गाठीला त्याचं आयुष्य असतं. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट धाराशिव जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीच्या मिरवणुका आटोपून माणसांनी उशिरा पाठ टेकली आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारीबरोबर सास्तूर आणि लोहारा-उमरग्याकडची कितीतरी गावं मातीच्या भिंतींखाली गेली. एकूण सुमारे दहा हजार माणसं दगावली. आवाज आणि प्रसंग एकदा जोडले गेले की मन ती गाठ सहसा सोडत नाही, हे मानसशास्त्राचं जुनं निरीक्षण आहे. ज्याच्या मनात विसर्जनाचा ढोल आणि ती पहाट एकत्र बांधली गेली असेल, त्याला तो ढोल शेजारच्या पोरासारखा ऐकू येणं शक्य नाही. वारकरी घरांतही असंच घडतं. टाळ-मृदंगाच्या गजरात सप्ताह होतो आणि त्याच गजरात अंत्ययात्राही निघते. तोच अभंग एकाला आजोबांच्या मांडीवर नेतो, दुसऱ्याला त्यांच्या तिरडीपाशी.

तेरच्या गोरोबाकाका कुंभारांची आख्यायिका सर्वांना माहीत आहे. संतांच्या मेळ्यात कोण कच्चं, कोण पक्कं हे पाहायला काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर टिचकावलं. बाकीचे गप्प बसले, नामदेव मात्र कळवळले. गोष्टीचा रोख नामदेवांना गुरू मिळण्याकडे आहे. पण मारणारा हात एक, थापटणं एक आणि तरी येणारा प्रतिसाद वेगळा, हे कुंभाराच्या नजरेने त्यात अचूक टिपलं आहे.

हा फरक काही अंशी जन्मजातही असतो. बार्सिलोनात २०१४ साली झालेल्या संशोधनात काही धडधाकट माणसं अशी आढळली की त्यांना संगीताने काहीच होत नव्हतं. कान ठीक, सूर ओळखता येत होते, पैसे जिंकल्याचा आनंद इतरांइतकाच होत होता, पण गाण्याने अंगावर काटा येत नव्हता की नाडी हलत नव्हती. अशा माणसाला अरसिक म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. याच्या दुसऱ्या टोकाला तान्ही बाळं. हार्वर्डच्या अभ्यासकांनी १४४ अमेरिकी बाळांना परक्या देशांतल्या, परक्या भाषांतल्या अंगाया ऐकवल्या, तर इतर गाण्यांच्या मानाने अंगाईला त्यांची नाडी अधिक शांत झाली. म्हणजे सगळंच सवयीवर सोडता येत नाही. काहीएक सामायिक पाया आहे. त्यावर प्रत्येकाची माती वेगळी चढते.

यात एक बाब मात्र सरळ आपल्या हातातली आहे, ती म्हणजे निवड. ग्लास आणि सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२च्या पुस्तकात एक प्रयोग सांगितला आहे. लोकांना कर्कश, अवचित येणारा आवाज ऐकवला. काहींना एक बटण दिलं आणि सांगितलं, हे दाबलं की आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी नंतरच्या कामात त्यांचं चित्त बटण नसलेल्यांपेक्षा जास्त टिकलं. आवाज तेवढाच होता, थांबवण्याची मुभा होती एवढंच. वरातीतला डीजे नाचणाऱ्या पोरांचा शीण घालवतो हे खोटं नाही. पण त्याच गल्लीत हृदयविकाराचा रुग्ण असतो, बारावीची मुलगी असते, आणि त्यांच्याकडे बटण नसतं. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आणि दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी, हे नियम २००० सालापासून कागदावर आहेत. ते पाळायला लावणं हेही संगीतावरच्या प्रेमाचंच काम आहे.

संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने हजारेक वर्षांपूर्वी रसास्वादातली सात विघ्नं सांगितली. त्यांतलं एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखात माणूस इतका गुंतलेला असणं की त्याचं चित्त दुसऱ्या कशावर टेकतच नाही. यावरचा उपाय म्हणून त्याने वाद्य, गाणं आणि सजवलेला मंडप सुचवला. किती बारकाईने पाहिलंय! सूर आधी माणसाला त्याच्या स्वतःतून थोडा बाहेर काढतो, मग विसावा शक्य होतो. पण गुंता कशाचा आहे तेही पाहावं लागतं. २०१५ साली सरकारने शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केलं तेव्हा यवतमाळबरोबर धाराशिव जिल्ह्याची निवड झाली होती. सावकाराचा तगादा, करपलेलं सोयाबीन, लांबलेलं लग्न हा ताण भजनाने फिटत नाही. संध्याकाळच्या हरिपाठात श्वास संथ होईल, चार माणसांत बसल्याचा धीर येईल. तेवढं मोल पुरेसं मोठं आहे. त्याहून जास्त दावा करणं त्या माणसाची फसवणूक ठरेल.

जिथे दावा पुराव्याला धरून आहे तिथे मात्र मागे राहू नये. शस्त्रक्रियेआधीच्या धास्तीवर २६ चाचण्यांचा, २०५१ रुग्णांचा आढावा २०१३ साली कॉक्रेन संस्थेने घेतला आणि संगीत ऐकलेल्यांची चिंता कमी झाल्याचं दिसलं. 'लॅन्सेट'मधल्या २०१५च्या आढाव्यात तर शस्त्रक्रियेनंतरची वेदना आणि वेदनाशामकांची गरजही घटलेली आढळली. धाराशिवपासून परंड्यापर्यंतच्या सरकारी रुग्णालयांत हे सहज करता येईल. खर्च हेडफोनचा आणि साध्या मोबाइलचा. केसपेपरवर ॲलर्जीच्या रकान्याखाली एक प्रश्न वाढवावा : काय ऐकायला आवडेल? कुणी आराधी गाणी सांगेल, कुणी किशोरीताईंचा भूप, कुणी दादा कोंडक्यांच्या सिनेमातलं गाणं. जो काहीच नको म्हणेल, त्याच्या कानाला काहीही न लावता परिचारिकेने पुढच्या खाटेकडे जावं.