मंडळी तीच

देहूरोड आणि घोरावाडी यांच्या दरम्यान बेगडेवाडी हें लहानसें रेल्वे स्थानक आहे. तेथें एकदां लोणावळ्याच्या गाडीची वाट पाहत असतां शेजारीं पखवाज घेऊन बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांशीं बोलणें निघालें. त्यांची भजनी मंडळी त्यांच्या आजोबांच्या वेळची. "त्या वेळचे कोणी आहेत काय?" असें मीं विचारलें. "एकही नाहीं, गुरुजी. पण मंडळी तीच," असें ते सहज म्हणाले. इतक्यांत गाडी आली. तें वाक्य मात्र मनांतून गेलें नाहीं.

प्रश्न जुनाच आहे. थीसियसच्या जहाजाची एकेक फळी बदलत गेली, तर शेवटीं तें जहाज तेंच कीं दुसरें, असा वाद अथेन्समध्यें चाले, असें प्लुटार्क सांगतो. नागसेनानें मिलिंद राजाला रथाचे एकेक अवयव दाखवून 'यांत रथ कोणता?' असें विचारलें, तेंही याच जातीचें. परंतु आम्हां मराठी लोकांना ग्रीसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. किर्लोस्कर नाटक मंडळीचा इतिहास डोळ्यांपुढें आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतल' झालें आणि मंडळीचा जन्म झाला. १८८२ मधील 'सौभद्रां'त मोरोबा वाघोलीकर अर्जुन, बाळकोबा नाटेकर नारद व भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होते. अण्णासाहेब १८८५ सालीं गेले, भाऊराव १९०१ सालीं गेले. १९०५ सालीं बालगंधर्व आले, आणि १९११ सालीं 'मानापमान' रंगभूमीवर आलें, तेव्हां पहिला संच उरला नव्हता. तरी मंडळी बदलली असें कोणी म्हटलें नाहीं. एक फळी निघे तेव्हां शेजारची जागेवर असे. नवा नट जुन्याजवळ बसून चाली शिके.

पण हॉब्सनें या कोड्याला आणखी एक पीळ दिला. काढलेल्या जुन्या फळ्या जपून कोणी त्यांचेंच दुसरें जहाज बांधलें तर? १९१३ सालीं जवळजवळ तेंच घडलें. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. नांव एकीकडे राहिलें, गळा दुसरीकडे गेला. पुढें १९१८ सालीं दीनानाथ मंगेशकरही निघाले व बळवंत संगीत मंडळी झाली. आतां खरी किर्लोस्कर कोणती?

मला वाटतें, येथें उपमेनें आपली फसवणूक होते. फळीला इच्छा नसते, माणसाला असते. म्हणून निघून जाणें हा स्वतः अपराध नव्हे. कलावंताला आपली वाट धरण्याचा अधिकार आहे. नैतिक प्रश्न निराळाच आहे: मागच्यांचें देणें कोण मानतो? नुसती पाटी लावून मृतांच्या कीर्तीवर तिकिटें विकणारा वारस नव्हे, आणि 'माझा गळा माझाच' म्हणून गुरूचें ऋण नाकारणाराही नव्हे. केशवराव भोसल्यांनीं १९०८ सालीं काढलेली ललितकलादर्श त्यांच्या १९२१ मधील निधनानंतर बापूराव पेंढारकरांनीं आणि पुढें त्यांचे पुत्र भालचंद्र यांनीं चालविली. रक्ताचा धागा तेथें मध्येंच तुटला होता, पण जबाबदारीचा तुटला नाहीं. गंधर्व मंडळीचे भागीदार निघून गेल्यावर तिचें कर्ज बालगंधर्वांनीं आपल्या शिरावर घेऊन फेडलें. 'मंडळी म्हणजे कोण?' या प्रश्नाला मला तरी याहून स्पष्ट उत्तर ठाऊक नाहीं. सावकार दाराशीं आला असतां जो पुढें होतो, तो मंडळी.

तत्त्वज्ञ यावर म्हणेल कीं, ही एकता वस्तूंत नसून मानणाऱ्याच्या मनांत आहे. असेल. परंतु वचनही मनांतच असतें, आणि तेवढ्यानें तें खोटें ठरत नाहीं. कुटुंब, महाविद्यालय, राष्ट्र यांतील माणसें बदलतच राहणार. त्यांचें तेंचपण आयतें मिळत नाहीं, तें प्रत्येक पिढीला पुन्हा पत्करावें लागतें.

बेगडेवाडीच्या त्या वृद्धांचें वाक्य मीं त्या दिवशीं एक विधान म्हणून ऐकलें व तर्कानें तपासूं लागलों. आतां तें मला प्रतिज्ञेसारखें वाटतें. आणि प्रतिज्ञेचा खरेखोटेपणा तर्कानें नव्हे, ती पाळण्यानें ठरतो.