वाचलेल्यांची साक्ष

घरच्या काचेच्या टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांना एका सकाळची धास्ती असते. रात्री दिवे मालवताना अ‍ॅक्रोपोरा या दगडी प्रवाळाच्या फांद्या जांभळ्या-हिरव्या होत्या. सकाळी त्या बुडापासून पांढऱ्याफटक पडलेल्या दिसतात आणि मांसाची लक्तरे पाण्यात तरंगत असतात. या छंदातले लोक याला ‘आरटीएन’ म्हणतात. ऐकायला ते रोगाचे नाव वाटते, पण ते नुसते वर्णन आहे. ऊती झपाट्याने गळून पडल्या, एवढेच ते सांगते. का गळल्या, याबद्दल ते मुके आहे.

आधी पांढरेपणाची जात ओळखावी लागते. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते, प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देते. उष्णतेने किंवा प्रखर प्रकाशाने हा संसार मोडला की शैवाल निघून जाते. प्राणी पांढरा दिसतो, पण भिंगातून पाहिले तर त्याच्या पारदर्शक भुजा दिसतात. तो उपाशी आहे, मेलेला नाही. आरटीएनमध्ये मात्र भिंगाखाली उघडा चुनखडीचा सांगाडाच उरलेला असतो. पहिल्या प्रकारात धीर धरता येतो. दुसऱ्यात तास मोजावे लागतात.

मग पाण्याच्या चाचण्या सुरू होतात. खारटपणा हजारी 35, तापमान 26 अंश, कॅल्शियम लिटरला 420 मिलिग्रॅम. आकडे सगळे जागेवर आणि प्रवाळ मेलेले. कारण मोजमाप आत्ताच्या पाण्याचे असते. घाव कालच्या पाण्याने घातलेला असू शकतो. रात्रभर अडकून तापलेला हीटर पहाटे सुटला, तर दुपारचा थर्मामीटर त्याची चुगली करत नाही. अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटांच्या साठ्याचा, आकडा तर त्याहून फसवा. दगडी प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत उचलतात, म्हणून डोसिंग पंपाने रोज ठरलेली भर घालावी लागते. प्रवाळ आजारी पडले की बांधकाम मंदावते, भर मात्र चालूच राहते, आणि आकडा 8 वरून 11 वर चढतो. पाळणारा म्हणतो, अल्कलिनिटी चढली म्हणून प्रवाळ मेले. खरा क्रम उलटाही असू शकतो.

1854 साली फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि समुद्राचे पाणी दिवाणखान्यात ठेवण्याच्या इंग्रजी वेडाला जोर आला. त्याच वर्षी, त्याच शहरात डॉ. जॉन स्नो ब्रॉड स्ट्रीटच्या कॉलऱ्याचा माग काढत होते. त्यांचा मृत्यूंचा नकाशा सर्वांना माहीत असतो. पण साथ रस्त्यावरच्या पंपाच्या पाण्यातून पसरते, या त्यांच्या युक्तिवादाचे बळ न मेलेल्यांत होते. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते, एकही दगावला नाही. जवळच्या गरीबखान्यात शेकडो माणसे राहत, तिथे मृत्यू मोजकेच झाले. हवा सगळ्यांची एकच होती. पण कारखान्यातले लोक त्या पंपाचे पाणी पीत नव्हते आणि गरीबखान्याची स्वतःची विहीर होती.

टाकीतही हीच उलटतपासणी चालते. गोगलगाई आणि कोळंब्या मजेत असतील तर तांब्याचा संशय मागे पडतो, कारण तांबे आधी त्यांना गाठते. मऊ प्रवाळ फुललेले आणि दगडीच तेवढे गेले, तर अल्कलिनिटीची उसळी, बदललेला प्रकाश किंवा पोषकद्रव्यांचा तुटवडा तपासावा. एकट्या अ‍ॅक्रोपोराचीच वाताहत असेल तर तिच्या बुडाशी चाव्यांच्या खुणा आणि अंडी शोधावीत; तिच्यावरच जगणारा एक चपटा कृमी तिच्या रंगात बेमालूम मिसळून बसतो. इजा एकाच कडेला असेल तर शेजाऱ्याकडे पाहावे; गॅलॅक्सियासारखे प्रवाळ लांब दंशभुजा सोडून हद्द राखतात. आणि मासेही धापा टाकत असतील तर प्रश्न प्राणवायूचा किंवा विषाचा आहे, एकट्या प्रवाळाचा नाही.

समुद्रातही हीच रीत उपयोगी पडते. 2014 साली मायामीजवळ दगडी प्रवाळांच्या ऊती गळण्याचा रोग दिसला आणि पुढे कॅरिबियनभर पसरला. वीसहून अधिक जातींना त्याने ग्रासले, पण उष्णतेला नाजूक असलेली अ‍ॅक्रोपोरा त्यातून सुटली. म्हणजे केवळ तापलेल्या पाण्यावर खापर फोडता येत नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिनचा लेप लावला की अनेक जखमा थांबतात. तरीही मूळ रोगकारक अजून सिद्ध झालेला नाही. आयुर्वेदाच्या निदानपंचकात ‘उपशय’ आहे: लक्षणे गूढ असतील तेव्हा कशाने आराम पडतो यावरून रोग ओळखायचा. लेपाचा गुण हा असाच उपशय. जंतूंचा त्यात हात आहे एवढे तो सुचवतो. पहिला वार कुणाचा, हे ठरवत नाही.

उपशयाला एकच पथ्य आहे, एका वेळी एकच उपाय. घाबरलेला पाळणारा नेमके हेच मोडतो. दिवे मंद, डोस बंद, औषध सुरू, पाणी निम्मे बदललेले. चौथ्या दिवशी गळती थांबते आणि श्रेय शेवटच्या बाटलीला जाते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते ती अशी. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा 8 सप्टेंबरला काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्नोंनी स्वतःच नोंदवले. दांडा काढणे योग्यच होते; पण त्यांनी आपला सिद्धान्त त्या यशावर उभा केला नाही.

म्हणून तातडीचे तेवढे जरूर करावे: सक्रिय कोळसा घालावा, त्याच तापमानाच्या आणि खारटपणाच्या पाण्याने थोडे पाणी बदलावे, पांढऱ्या रेषेच्या बरेच वर निरोगी फांदी कापून वेगळी ठेवावी. पण त्याआधी जुने पाणी बाटलीभर बाजूला काढावे. पुरावा धुऊन टाकल्यावर तपास होत नाही. मेलेले आपोआप डोळ्यांत भरतात. वही उघडाल तेव्हा पहिली यादी जिवंतांची करा.