बॅटरीचं खोकं

चैत्रात परंडा तालुक्यातल्या सोनारीच्या काळभैरवनाथाच्या यात्रेला येणारे टेम्पो जरा निरखून पाहावेत. वर ताडपत्री, खाली सतरंज्या, कोपऱ्यात शेगडी. मुक्काम असेपर्यंत तेच घर. आषाढी वारीसाठी पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी परंड्यावरून पंढरीकडं जाते, तेव्हा दिंड्यांबरोबरच्या गाड्यांतही असाच संसार मांडलेला असतो. दिवा, पंखा, मोबाईल हा सगळा भार इंजिनच्या बॅटरीवर टाकला, तर पहाटे गाडी ढकलावी लागते. म्हणून मागं दुसरी बॅटरी ठेवतात. ती मात्र बहुधा उघडीच असते, फार तर वर एखादं पोतं.

बारा व्होल्टला कुणी भीत नाही. शॉक बसत नाही, हे खरंच. पण दोन्ही टर्मिनलांवर पान्हा नाहीतर उलथनं आडवं पडलं, तर शेकडो अँपिअरचा प्रवाह एकदम वाहतो. लोखंड तापून लाल होतं, वायर पेट घेते, आणि शेजारी तर अंथरुणं. सोनारीत भर म्हणून देवळाभोवतीची माकडं. शिदोरी ओढायला गाडीत शिरलेलं माकड वायरीला हात लावणार नाही, याची खात्री कोण देणार?

तेव्हा झाकण हवंच. सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घ्यावं, आत जुन्या ट्यूबचं रबर लावावं, बॅटरी हलू नये म्हणून पट्टा आवळावा. इथवर सगळ्यांना सुचतं. गफलत पुढं होते. धूळ जाऊ नये, पाऊस लागू नये म्हणून खोकं गच्च बंद करतात. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. हवेत तो चार टक्के झाला, की एक ठिणगी पुरते. हायड्रोजन सगळ्यात हलका वायू, तो वर चढतो. म्हणून खोक्याला भोकं अगदी वरच्या कडेला हवीत, आणि ताजी हवा आत यायला खालीही. सीलबंद बॅटरीतून वायू कमी येतो, पण चार्जिंग बिघडलं तर तिलाही मोकळी हवा लागते.

मला वाटतं, चूक मापापासूनच सुरू होते. आपण माप बॅटरीचं घेतो. घ्यायला हवं माणसाचं. गाडीत बसायला जागा कमी. बैठकीच्या उंचीचं खोकं दिसलं की थकलेली आजी त्यावर टेकणारच. झाकणानं तिचं वजन पेललं पाहिजे. डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्याचा हात आत नीट फिरला पाहिजे. नाहीतर ते काम उद्यावर जातं, पाणी प्लेटांच्या खाली उतरतं आणि बॅटरी बसते. परंड्याच्या उन्हाळ्यात हे पाणी फार लवकर आटतं. चारी बाजूंना बोटभर मोकळीक ठेवली, तर उष्णताही कोंडत नाही. खोकं बॅटरीसाठी करायचं, पण जपायचं त्याच्या उशाशी झोपणाऱ्यांना.

यात्रेला, वारीला गाडी काढणाऱ्यांना एवढीच विनंती: निघण्याआधी खोक्याची वरची भोकं बुजली नाहीत ना, ते पाहा. अधिक टर्मिनलपाशी, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज बसवून घ्या. आणि शेगडी बॅटरीपासून लांब, गाडीतून खाली उतरवूनच पेटवा.