बोंबल्या विठोबाच्या दारी

विठोबाच्या नावामागे ‘बोंबल्या’ लावायचं आणि वर हात जोडायचे, हे खोपोलीजवळच्या साजगावलाच शोभतं. कार्तिकी एकादशीला इथं यात्रा भरते. देवळात टाळ-मृदंग आणि बाहेर सुक्या मासळीचा बाजार! बोंबील, जवळा, सोडे, वाकट्या. उपास पोटाचा असतो. नाकाचं काय करावं, याबद्दल शास्त्रकार गप्प आहेत.

नावाची कथा अशी सांगतात, की तुकोबा मिरच्या विकायला कोकणात उतरले. माल उधारीवर गेला, पैसे येईनात, तेव्हा त्यांनी विठोबाच्या नावानं बोंब ठोकली. पुढे वसुली कशी झाली, याबद्दल सांगणाऱ्यागणिक पाठभेद. काहीजण म्हणतात, नाव बोंबेवरून नव्हे, बोंबलांवरूनच पडलं. मी आपला मिरच्यांच्या बाजूचा.

प्रश्न असा, की नुसती गंमत बघायला आलेल्या पाहुण्यानं अशा बाजारात घासाघीस करावी का?

आमचे एक स्नेही समरकंदला जाऊन आले. तिथं बीबी खानम मशिदीला लागूनच सियाब बाजार आहे. देवाला शेजार बाजाराचाच आवडतो, तिथंही आणि इथंही. विक्रेते जर्दाळू, बेदाणे हातावर ठेवतात, चाखा म्हणतात. यांनी चाखता चाखता दुपारचं जेवण उरकलं आणि शेवटी पावशेर बेदाणे घेतले, तेही भाव पाडून. हा पराक्रम ते चारचौघांत सांगतात. मला तो अजून पचलेला नाही. बेदाणे त्यांना पचले.

उलट आमचे मेव्हणे. अत्यंत कनवाळू. साजगावला येण्याआधी त्यांनी कुठंसं वाचलं होतं, की बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं वलांडीवर टांगतात, आणि मधेच पाऊस आला की सगळी मेहनत कुजते. त्यामुळे गहिवरूनच आले होते.

“मावशी, तुम्ही सांगाल तो भाव,” म्हणत त्यांनी नोटा पुढे केल्या.

मावशीनं नोटा उजेडात धरून पाहिल्या. मग मेव्हण्यांना पाहिलं.

“का रं दादा, घाई हाय का?”

“नाही, पण तुमचे कष्ट...”

“कष्टाचं मी बघते. तू कमी कर म्हण. मी नाय म्हणते. मग देते.”

मेव्हणे हतबल झाले. गरिबाशी भाव करायचा नाही, हे त्यांचं तत्त्व. पण आपण गरीब आहोत हे मावशीला कुणी विचारलंच नव्हतं! ती मालाची धनीण होती, आणि तिला दाता नको होता, गिऱ्हाईक हवं होतं. भाव करणं म्हणजे दोघांनी एका फळीवर उभं राहणं. समरकंदचा वीर ती फळी आपल्याकडे ओढतो, आणि मेव्हणे तीवर चढायलाच तयार नाहीत. दोघांत वाईट कोण, हे ठरवताना मी अजून अडतो. पण मावशी कुणाला पुन्हा बोलावील, हे मला ठाऊक आहे.

अखेर मेव्हण्यांनी चाचरत दहा रुपये कमी सांगितले. मावशीनं कपाळाला हात लावला, पुटपुटली, पाच सोडले, आणि माप भरून झाल्यावर जवळ्याची एक भरघोस मूठ वर टाकली.

“या मुठीचे किती?” मेव्हण्यांनी पुन्हा पाकीट काढलं.

मावशी तोवर पुढच्या बाईशी भांडायला लागली होती.