मिसरातल्या काकड्या

जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात खाद्यपदार्थांची एक यादी आहे. मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक वाळवंटात रडत बसले आहेत आणि तिकडे आपण काय काय खात होतो ते आठवत आहेत : मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण. रात्रीच्या दवाबरोबर उतरणारा मान्ना आता त्यांना नकोसा झाला आहे. यादीतले मासे फुकट मिळत, असेही ते आवर्जून सांगतात. ते मासे कोणत्या नदीतले, हे मात्र कोणी बोलत नाही. इब्र्यांचे नवजात मुलगे ज्या नदीत फेकण्याचा हुकूम फारोने सोडला होता, तीच ती नाईल. पेंढा बंद करूनही विटांचा आकडा तेवढाच मागणारे मुकादम आणि पाठीवर बसणारे त्यांचे फटके, हे सारे त्या ‘फुकट’ शब्दातून गळून गेले आहे. पुढे सोळाव्या अध्यायात मोशेविरुद्ध बंड करणारे दाथान आणि अबीराम तर मिसरलाच दुधामधाचा देश म्हणतात. जे वर्णन देवाने वचन दिलेल्या भूमीसाठी होते, ते त्यांनी बंदिवासाला बहाल केले. माणूस मोहात पडतो तेव्हा बहुधा आधी त्याची आठवण बिघडलेली असते, हे मला या प्रसंगात सर्वांत स्पष्ट दिसते.

या अर्थाने मराठीतला ‘मोह’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि भुरळ हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘परीक्षा’ म्हणतो. पण षड्रिपूंच्या गणतीत लोभ आणि मोह वेगळे आहेत. लोभाला काहीतरी हवे असते. मोह झालेल्याला समोर आहे ते आहे तसे दिसेनासे होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली घसरणीची साखळीही संमोहापाशी न थांबता स्मृतीच्या बिघाडापर्यंत जाते. मांसासाठी हपापलेले इस्राएल लोक लोभी होतेच, पण त्या लोभाला बळ आले ते खोट्या आठवणीमुळे.

इ. स. ५५च्या सुमारास पौलाने करिंथच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले, त्याच्या दहाव्या अध्यायात तो याच लोकांकडे बोट दाखवतो. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग देवळातल्या मेजवानीला बसलो तर बिघडले काय, असा करिंथमधल्या काहींचा युक्तिवाद होता. आपला बाप्तिस्मा झाला आहे, आपण प्रभूच्या मेजावर बसतो, आता आपल्याला काय होणार, असा भरवसाही त्यामागे होता. पौल सांगतो की समुद्र ओलांडणे हाच त्या पूर्वजांचा बाप्तिस्मा होता, मान्ना आणि खडकातले पाणी हे त्यांचे आध्यात्मिक अन्नपान होते, आणि तरीही त्यांतले बहुतेक वाळवंटात पडले. सोन्याच्या वासराच्या कथेतूनही तो नेमका खाण्यापिण्याचा आणि नाचगाण्याचा प्रसंग उचलतो, कारण करिंथचे दुखणे मेजवानीचेच होते. ती कथा सावकाश वाचण्यासारखी आहे. मोशेला डोंगरावरून उतरायला उशीर झाला, एवढेच निमित्त. वासरासाठी कानांतली कुंडले उतरली. मिसर सोडताना मिसऱ्यांकडून मिळालेले सोने या लोकांजवळ होते, म्हणजे सुटकेची भेटच बहुधा मूर्तीच्या साच्यात गेली. आणि अहरोनाने दुसऱ्या दिवशीचा सण जाहीर केला तो परमेश्वराच्याच नावाने. देवाला नाकारले असे त्यांपैकी कित्येकांना वाटलेही नसेल. सर्पदंशावर उतारा म्हणून मोशेने केलेल्या पितळी सापाचेही पुढे असेच झाले. लोक त्यापुढे धूप जाळू लागले आणि शतकांनंतर हिज्कीया राजाला तो फोडावा लागला. मिळालेली कृपा आपोआप चिलखत होत नाही, हे पौलाचे म्हणणे या कथा पुरेपूर सिद्ध करतात.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. ख्रिस्ती प्रवचनकारांनी शतकानुशतके या कथा यहुद्यांना हिणवण्यासाठी वापरल्या, आणि त्या तिरस्काराचे परिणाम युरोपने पाहिले. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण चूक कथांची नाही, वाचणाऱ्यांची आहे. या कथा इस्राएलने स्वतःविरुद्ध स्वतःच जपल्या. एकशे सहाव्या स्तोत्राचा कर्ता वाडवडिलांच्या पापात स्वतःलाही मोजतो. १८७४ साली पुण्यात बेने इस्राएल समाजासाठी मराठी भाषांतरासह वल्हांडणाच्या रात्री वाचायची जी हग्गादा छापली गेली, तिचीही शिकवण हीच आहे की प्रत्येक पिढीने आपण स्वतः मिसरातून निघालो असे मानावे. पौलही बहुतांश परजातीय असलेल्या करिंथकरांना ‘आपले पूर्वज’ असेच म्हणतो. ‘ते लोक’ म्हणून वाचणाऱ्याला या अध्यायातून काहीच मिळत नाही.

दुसरी अडचण शिक्षेची. इस्राएल लोक बआल-पौर या दैवताच्या भजनी लागले त्या प्रकरणात ‘गणना’ चोवीस हजार मृत सांगते, पौल तेवीस हजार. आकड्यातल्या फरकापेक्षा एवढी माणसे मरावीत हेच मनाला जास्त टोचते. ती टोच घालवण्याचा प्रयत्न मी करणार नाही. मात्र त्याच परंपरेत मोशे लोकांसाठी देवाशी वाद घालतो आणि क्षमा होणार नसेल तर आपलेच नाव पुसून टाक म्हणतो. आणि शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे येशूने बजावले आहे. दुसऱ्याच्या रोगराईवर किंवा अपघातावर या कथा चिकटवण्याची वाट तिथेच बंद होते.

मग आजच्या ख्रिस्ती माणसाचा मिसर कोणता? दारू, पैसा, देहसुख ही उत्तरे खरी आहेत, पण फार सोयीची आहेत. त्यांत दोष नेहमी एकट्या माणसाचा ठरतो. वाळवंटात रडत होता तो समुदाय. गोव्याच्या चर्चचा इतिहास पाहावा. बाप्तिस्मा घेतलेले लोक बामण, चारडो, शुदिर राहिले आणि चर्चच्या कोन्फ्रारी, म्हणजे भाविकांचे संघ, याही जातीनुसार वाटल्या गेल्या. एका भाकरीचे भागीदार झालेल्यांना जुनी उतरंड व्यवस्थेसारखी, घराण्याच्या मानासारखी आठवत राहिली. तिचे फटके ज्यांच्या पाठीवर बसले त्यांची आठवण कोणी विचारली नाही. मिसरातल्या काकड्यांची याहून जवळची आवृत्ती मला दिसत नाही.

देव शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देत नाही, या पौलाच्या आश्वासनाचा आपल्याकडे सर्रास गैरवापर होतो. व्यसनात अडकलेल्याला किंवा खचलेल्याला ते ऐकवले की त्याचा अर्थ ‘तूच कमी पडलास’ असा होतो. पण पौलाचे ‘तुम्ही’ तिथे अनेकवचनी आहे. निभावण्याची वाट मंडळीला दाखवली आहे, म्हणून ती वाट अडखळणाऱ्यापुढे उघडणे हे मंडळीचेही काम आहे. येशू चाळीस दिवस अरण्यात होता तेव्हा त्याने मोहात पाडणाऱ्या सैतानाला तिन्ही वेळा उत्तर दिले ते ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतून, म्हणजे वाळवंटातली चाळीस वर्षे विसरू नका असे सांगणाऱ्या मजकुरातून. आणि पौल पुढच्याच अध्यायात आठवणीसाठी मांडलेल्या जेवणाकडे वळतो. करिंथमध्ये त्या मेजावर काही जण आधीच जेवून घेत, आणि ज्यांच्याकडे काही नव्हते ते उपाशी राहत. पौल त्यांना सांगतो : एकमेकांसाठी थांबा.