नेम आणि नियम

मराठीत ‘नेम’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. बंदुकीचा धरतात तो नेम, एकादशीचा पाळतात तोही नेम. आणि ‘पावसाचा काही नेम नाही’ असे म्हणताना त्याच शब्दाचा अर्थ भरवसा असा होतो. संस्कृतातील ‘नियम’ लोकांच्या तोंडी झिजून ‘नेम’ झाला, आणि कोकणीत तर नेम म्हणजे आजही नियमच. लक्ष्यावर रोखलेली दृष्टी आणि स्वतःवर घातलेले बंधन या दोहोंस भाषेने एकच नाव द्यावे, हा केवळ योगायोग असेल; परंतु पिस्तुलाच्या नेमबाजीची आंतरराष्ट्रीय नियमावली चाळताना हा शब्द आमचा पिच्छा सोडीना.

नियमावली दिसावयास रुक्ष. तिच्यात पराक्रमाची भाषा नाही, ग्रॅम आणि मिलिमीटर आहेत. दहा मीटरांवरील हवेच्या पिस्तुलाचे वजन १५०० ग्रॅमांहून अधिक असता कामा नये; ते ४२० मिलिमीटर लांब, २०० उंच आणि ५० रुंद अशा पेटीत मावले पाहिजे; त्याचा चाप ५०० ग्रॅमांहून कमी जोराने सुटता कामा नये. पंचवीस मीटरांवरील काडतुसाच्या पिस्तुलाचा चाप याच्या दुप्पट, म्हणजे १००० ग्रॅमांचा. पिस्तूल एका हाताने, कोठेही न टेकता धरावयाचे. मूठ हाताच्या घडणीप्रमाणे कोरून घ्यावी, परंतु तिने मनगटास आधार देता कामा नये. बूटसुद्धा घोट्याच्या वर जाता कामा नये. आणि सर्वांत मौजेचे कलम भिंगाचे. दृष्टीस मदत करणारे भिंग पिस्तुलावर बसविणे निषिद्ध आहे. मात्र भिंग चष्म्यात घालून नाकावर ठेवले तर कोणाची हरकत नाही. एका हाताच्या अंतराने निषिद्धाचे विहित होते.

हे कलम वाचून कोणी हसेल. आम्हांस मात्र त्यात एक जुना आणि अवघड प्रश्न दिसतो. मनुष्याचे कृत्य कोठे संपते आणि त्याच्या साधनाचे कोठे सुरू होते? गोळी लक्ष्याच्या मध्यावर बसली, तर ती कोणी बसविली, हे कोणत्या मापाने ठरवावयाचे?

यावर एक उत्तर सोपे आहे, आणि ते लोकांना फार आवडते. साधन जितके कमी तितका मनुष्य मोठा, असे ते उत्तर. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचे युसुफ दिकेच एक हात खिशात घालून, साध्या चष्म्यानिशी उभे राहिले आणि मिश्र जोडीच्या स्पर्धेत रौप्यपदक घेऊन गेले. त्यांचे छायाचित्र जगभर फिरले. भिंगे आणि झापडे लावून उभ्या असलेल्या इतर नेमबाजांची त्यावरून थट्टाही झाली. थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. दिकेच यांच्या हातातील पिस्तूल स्पर्धेसाठीच घडविलेले होते, आणि ते त्याच पेटीत मावणारे, त्याच चापाचे होते. पळणाऱ्यास अनवाणी पळता येते. नेमबाजास विनासाधन नेम मारता येत नाही. द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेत अर्जुनास पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, हे आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. ते धनुष्य कोणी घडविले आणि प्रत्यंचा कोणी ओढून बसविली, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. साधनाचा त्याग हा या विद्येत मार्गच नाही, आणि त्याचे कौतुक म्हणजे निव्वळ भाबडेपणा होय.

दुसरे उत्तर याच्या उलट. साधन हवे तितके सुधारू द्या, शेवटी सर्वांस तेच मिळेल. हा प्रयोग प्रत्यक्ष झालेला आहे, आणि त्याची फळे दोन ठिकाणी अगदी निराळी आली.

पन्नास मीटरांवरील स्पर्धेस इंग्रजीत ‘मुक्त पिस्तूल’ म्हणत. ती १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकपासून होती आणि २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेली. तिच्यात चापाच्या वजनास मर्यादाच नव्हती. मोजक्या ग्रॅमांवर, बोट टेकताच चाप सुटे. मूठ हातमोज्यासारखी सगळ्या पंजास वेढून बसे. इतके स्वातंत्र्य मिळाल्यावर गुणांचा पाऊस पडावा की नाही? साठ गोळ्यांचे पूर्ण गुण ६००. सोव्हिएत संघाच्या अलेक्सांद्र मेलेन्तियेव यांनी १९८० साली मॉस्कोत ५८१ गुण मिळविले, आणि तो विक्रम मोडावयास २०१४ साल उजाडले. कोरियाच्या जिन जोंग-ओ यांनी तेव्हा ५८३ केले. चौतीस वर्षांत दोन गुण! दरम्यान धातू सुधारले, काडतुसे सुधारली. हाताचा कंप मात्र होता तेथेच राहिला. पन्नास मीटरांवर दहा गुणांचे वर्तुळ पन्नास मिलिमीटरांचे असते. त्याच्यापुढे हत्याराची सगळी कारागिरी मनुष्याच्या श्वासापाशी येऊन थांबली.

शीघ्र नेमबाजीत निराळेच घडले. येथे पाच लक्ष्ये शेजारी शेजारी असतात. हात खाली झुकवून उभे राहावयाचे आणि खूण होताच आठ, मग सहा, मग चार सेकंदांत पाचही वेधावयाची. या खेळाची खरी कसोटी धक्का सोसण्यात. एक गोळी सुटली की नळी वर उसळते. ती सावरून पुढच्या लक्ष्यावर न्यावयाची. परंतु कारागिरांनी या स्पर्धेसाठी आखूड आणि दुबळ्या काडतुसाचे असे पिस्तूल घडविले, त्याच्या नळीस अशी भोके पाडली, की धक्का जवळजवळ उरलाच नाही. २००४ च्या अथेन्सनंतर नियम बदलला. आखूड काडतूस गेले, नेहमीचे लांब काडतूस आले. चाप १००० ग्रॅमांचा झाला, आणि हातास वेढणारी मूठ बाद झाली. २०१२ साली लंडनमध्ये विजय कुमार यांनी याच स्पर्धेत रौप्यपदक मिळविले ते या नव्या नियमांखाली. इंदूरकर वाचकांस हे सांगावयास हवे, की ते शेजारच्या महू येथील लष्करी नेमबाजी पथकात तयार झाले.

आमच्या मते या दोन उदाहरणांत सगळा न्याय आहे. साधन चांगले आहे म्हणून नियम त्याच्या आड येत नाही. ज्या गोष्टीची परीक्षा घ्यावयाची, तीच गोष्ट साधन खाऊन टाकू लागले, म्हणजे तो येतो. मुक्त पिस्तुलाने कंप खाल्ला नाही, म्हणून शंभराहून अधिक वर्षे त्यास मोकळे सोडले. शीघ्र पिस्तुलाने धक्का खाल्ला, म्हणून त्यास वेसण घातली. नियमांचे काम स्पर्धकांस समान करणे हे आहे, असे म्हणतात. ते अंशतःच खरे. मनुष्याने चुकावे कोठे, ती जागा राखून ठेवणे हे त्यांचे मोठे काम.

हीच कसोटी औषधांस लावून पाहावी. नळीखाली वजन जोडून हाताचा कंप कमी करणे मर्यादेत मान्य आहे. रक्तदाबाच्या रोग्यांस देतात ते प्रोप्रानोलोल घेऊन तोच कंप कमी करणे निषिद्ध आहे. २००८ साली बीजिंगमध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग-सू यांची दोन पदके याच औषधापायी परत घेतली गेली. त्याआधी १९६८ साली मेक्सिकोत आधुनिक पंचक्रीडेतील एक स्वीडिश खेळाडू, हान्स-गुन्नर लिलयेनवाल, पिस्तुलाच्या फेरीपूर्वी मन स्थिर करण्यासाठी बिअर प्याले आणि सगळ्या संघाचे कांस्यपदक घालवून बसले. ऑलिंपिकमध्ये उत्तेजकापायी बाद झालेले ते पहिलेच. दोन पेले बिअर आणि नळीवरील लोखंडाचा तुकडा यांत फरक तो काय, असा तर्क कोणी लढवील. फरक असा की लोखंड हातास उचलावे लागते. ते कंपाचे रूपांतर ओझ्यात करते, आणि ओझे वाहणारा तोच मनुष्य असतो. औषध मात्र भीती अंगातूनच काढून नेते. आणि भीतीवर ताबा हीच तर येथे मोजावयाची वस्तू. प्रतिस्पर्ध्यास घरीच कोंडून मैदानात उतरण्यासारखे ते आहे.

आता पुराव्याचा प्रश्न. १९१२ साली स्टॉकहोमच्या पंचक्रीडेत अमेरिकेचे तरुण लष्करी अधिकारी जॉर्ज पॅटन, जे पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती म्हणून गाजले, ते बहुतेकांप्रमाणे .२२ चे पिस्तूल न घेता .३८ चे जाडे हत्यार घेऊन उतरले. त्यांची एक गोळी कागदावर सापडली नाही. ती आधीच्या मोठ्या भोकातूनच पार गेली, असे त्यांच्या बाजूने म्हणणे पडले. पंचांनी लक्ष्य चुकले असा निर्णय दिला. एकंदरीत पॅटन पाचवे आले. ती गोळी खरोखर त्या भोकातून गेली असेल, तर त्यांचे सर्वोत्तम कृत्यच त्यांचा दोष ठरले. तरीही पंच बरोबर होते, असे आम्ही म्हणतो. जे दिसत नाही त्यास गुण दिले, तर उद्या प्रत्येक चुकलेली गोळी आधीच्या भोकातून गेलेली असेल! यावर उपाय पंचांच्या मनाचा मोठेपणा नव्हे. कागदाच्या मागे दुसरा कागद लावणे हा उपाय, आणि पुढे तो योजला गेला. जाड गोळीचा प्रश्नही असाच सुटला. भोकाची कड वरच्या गुणाच्या रेषेस शिवली, तर वरचा गुण मिळतो. म्हणजे जाड गोळीस आपोआप लाभ. मोठ्या काडतुसाच्या स्पर्धेत ७.६२ पासून ९.६५ मिलिमीटरांपर्यंतची कोणतीही गोळी, रिव्हॉल्व्हरची वा पिस्तुलाची, चालते. परंतु भोक तपासावयाचे माप एकच, ९.६५ चे. बारीक गोळीचे भोकही जाडच मानावयाचे. सत्य थोडेसे वाकवून न्याय सरळ केला, आणि त्यात आम्हांस काहीच वावगे दिसत नाही.

हत्यारच बिघडले तर? काडतुसाच्या स्पर्धांत गोळी उडाली नाही, तर नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याकडे रोखलेलेच ठेवून मोकळा हात वर करावयाचा. अधिकारी येऊन पाहतो. दोष काडतुसाचा वा यंत्राचा असेल तर ती फेरी पुन्हा मिळते. गोळी भरावयाचीच राहिली असेल, किंवा अधिकाऱ्याने पाहण्यापूर्वी नेमबाजाने यंत्रास हात लावला असेल, तर मिळत नाही. हात लावला म्हणजे लबाडी केली, असा याचा अर्थ नव्हे. हात लागल्यावर दोष कोणाचा हे शोधताच येत नाही, आणि जे शोधता येत नाही ते मनुष्याच्या खाती मांडावयाचे, असा हा दंडक.

हवेच्या पिस्तुलास एवढीही सवलत नाही. तेथे साठ नेमांस पंचाहत्तर मिनिटे, आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. २०२१ साली टोकियोत मनू भाकर यांच्या पिस्तुलाचा खटका ऐन प्राथमिक फेरीत बिघडला. दुरुस्तीत बराच वेळ गेला, वाढीव मिनिटे मिळाली नाहीत, आणि चाळिसांहून अधिक नेम घाईने मारूनही त्यांनी ५७५ गुण केले. पहिल्या आठांत येण्यास दोन गुण कमी पडले. त्या वेळी वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर जे शिंतोडे उडाले, ते आजही लाजिरवाणे वाटतात. नियमाने त्यांना वेळ नाकारला, ते आम्ही मान्य करू. पन्नास जणांची स्पर्धा एका खटक्यासाठी खोळंबून ठेवता येत नाही. परंतु नियमाने लावलेला हिशेब हा नैतिक हिशेब नव्हे. पंचाने बारावा क्रमांक दिला म्हणून प्रेक्षकानेही मनुष्यास बाराव्याच जागी बसवावे, असे कोठे आहे? तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्यांनी दोन कांस्यपदके मिळविली, हे खरे; पण ती मिळाली नसती तरी टोकियोतील त्यांच्या शेवटच्या चाळीस नेमांची किंमत कमी झाली नसती.

आमची खरी तक्रार आहे ती नियमांच्या मौनाविषयी. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या काडतुसांच्या दोन खेपा सारख्या नसतात. ज्यांना परवडते ते आपली नळी पकडीत घट्ट आवळून खेपेमागून खेप उडवून पाहतात, आणि जिची भोके सर्वांत जवळ पडतील ती खेप पेट्याच्या पेट्या विकत घेतात. हे सर्व नियमात बसते. ज्याच्या गावी काडतूस परवान्यावर, मोजून मिळते, तो हाती येईल ती पेटी घेऊन उभा राहतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत २०१८ साली आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकल्या, ते बरोबरी सोडविण्याच्या दोन जादा फेऱ्यांनंतर. अंतर इतके बारीक असते, तेथे काडतुसाच्या खेपेचे अंतर लहान म्हणवत नाही. चाप तोलणारी नियमावली पैसा तोलू शकत नाही. तपासणीच्या मेजावर त्याला माप नाही, एवढेच त्याचे कारण. माप नाही म्हणून अन्याय नाही, असे मात्र कोणी म्हणू नये.

त्या मेजावरची रीत अशी. नळी उभी धरून चापाच्या मध्यावर १००० ग्रॅमांचे वजन टांगतात आणि पिस्तूल हळूहळू वर उचलतात. वजन उचलले गेले आणि चाप सुटला नाही, तर पिस्तूल पास. तीन वेळा संधी मिळते. स्पर्धा संपल्यावर काही पिस्तुले पुन्हा निवडून तपासतात, आणि तेव्हा चाप हलका निघाला तर नेमबाज बाद. स्प्रिंग शेकडो गोळ्यांनी आपोआप सैल झाली, त्यात त्याचा काही हेतू नव्हता, हे तेथे कोणी ऐकून घेत नाही. म्हणून जाणते नेमबाज आपला चाप हजार ग्रॅमांवर नेमका न ठेवता, थोडा जडच ठेवतात.